आपलं फंक्शन कुठल्या नेमस्पेसमधून कॉल झालं, हे पीएचपीत न चुकता कसं ओळखायचं

समजा तुम्ही लॉग लिहिणारं एक फंक्शन केलंय आणि तुम्हाला हवंय की ऑर्डरच्या मॉड्यूलमधून कॉल आला तर नोंद ऑर्डरच्या लॉगमध्ये जावी, युजरच्या मॉड्यूलमधून आला तर युजरच्या, आणि कॉल करणाऱ्याला दरवेळी काही सांगायला लागू नये. म्हणजे कॉल करणाऱ्याचा नेमस्पेस (नावांचा गट, जसं मॉड्यूल\ऑर्डर) ओळखायचा. मागणी साधी आहे, पण पीएचपीत त्यासाठी तयार फंक्शन नाहीये. मग जो तो एकच उपाय करतो: बॅकट्रेस (कोणी कोणाला कॉल केलं याची यादी) घ्यायचा, एक नंबरची फ्रेम (त्या यादीतला एक कॉल) उचलायची, नाव शेवटच्या बॅकस्लॅशपाशी कापायचं, झालं. डेमोमध्ये हे मस्त चालतं. खऱ्या प्रोजेक्टमध्ये क्लोजर (बिननावाचं फंक्शन) आलं, अ‍ॅरे_मॅप आलं, इन्क्लूड केलेली फाईल आली की चुकतं, आणि एरर न देता चुकतं. लॉग भलत्याच फोल्डरमध्ये जात राहतो आणि कोणाला पत्ताही नसतो.

खाली पूर्ण पद्धत क्रमाने दिलीय. कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहिलीयत, अंगभूत फंक्शन आणि कॉन्स्टंट टाइप करताना नेहमीच्या स्पेलिंगनेच टाका. उदाहरणासाठी आपलं फंक्शन लायब्ररी\नोंद आणि कॉल करणारा क्लास मॉड्यूल\ऑर्डर\ऑर्डरसेवा असं धरून चालू.

## आधी ठरवा: हे खरंच लागतंय का

कॉल करणारा कोड तुमच्याच हातात असेल तर सरळ एक आर्ग्युमेंट वाढवा आणि कॉल करताना __नेमस्पेस__ हा कॉन्स्टंट पाठवा. तो कंपाईल होतानाच भरला जातो, खर्च शून्य, चुकायची सोय नाही. क्लासमधून कॉल असेल तर सेल्फ::क्लास पाठवला तरी चालतं. खरं सांगायचं तर दहातल्या बऱ्याच वेळा इथेच थांबलेलं बरं.

सावधान: लोक इथे एक शॉर्टकट मारतात, आर्ग्युमेंटची डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणूनच __नेमस्पेस__ ठेवतात आणि समजतात की कॉल करणाऱ्याने काही दिलं नाही तर त्याचा नेमस्पेस आपोआप येईल. नाही येत. हा कॉन्स्टंट ज्या ठिकाणी लिहिलाय तिथला नेमस्पेस देतो, कॉल कुठून झाला याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. डिफॉल्ट व्हॅल्यू तुमच्या फंक्शनच्या फाईलमध्ये लिहिलीय, म्हणजे उत्तर कायम लायब्ररी. स्टॅटिक::क्लास आणि गेट_कॉल्ड_क्लास यांचंही तेच, ते मेथड कुठल्या क्लासवर कॉल झाली ते सांगतात, कोणी कॉल केली ते नाही.

आता समजा कॉल करणारा कोड शेकडो ठिकाणी पसरलाय किंवा दुसऱ्यांचा आहे, बदलता येत नाही. मग पुढे चला, पण तीन गोष्टी आधी पक्क्या करा.

एक, पीएचपीची आवृत्ती. ट्रेसला फ्रेमची मर्यादा घालायची सोय ५.४ पासून आहे, कोडचे टोकन म्हणजे छोटे तुकडे पाडायची नवी पद्धत ८.० पासून, आणि क्लोजरची नावं ८.४ मध्ये बदललीयत. तिन्हींचा पुढे संबंध येणार आहे.

दोन, उत्तर नक्की कशाचं हवंय. कॉलची ओळ ज्या फाईलमध्ये लिहिलीय तिथला नेमस्पेस, का ती ओळ चालवणाऱ्या क्लासचा? बहुतेक वेळा दोन्ही एकच असतात, पण ट्रेटमध्ये (अनेक क्लासांत वापरता येणारा मेथडचा संच) आणि वारसा घेतलेल्या मेथडमध्ये फाटे फुटतात. आत्ता ठरवलं नाही तर नंतर अर्धा कोड एका अर्थाने आणि अर्धा दुसऱ्या अर्थाने लिहिला जातो.

तीन, "ग्लोबल नेमस्पेस" आणि "सापडलाच नाही" ही दोन वेगळी उत्तरं आहेत. ग्लोबलसाठी रिकामी स्ट्रिंग द्या, सापडला नाही तर नल द्या. आणि मग तपासताना एम्प्टी वापरू नका, नाहीतर दोन्ही पुन्हा एकाच पिशवीत जातील. नलशी थेट तीन बरोबरांनी तुलना करा.

## टप्पा १: ट्रेस घ्या, पण आटोपशीर

फंक्शनच्या आत डीबग_बॅकट्रेस कॉल करायचं. नुसतं कॉल केलं तर ते पूर्ण स्टॅक आणतं, प्रत्येक फ्रेमचे आर्ग्युमेंट आणि ऑब्जेक्ट सकट. खोल फ्रेमवर्कमध्ये हे प्रकरण बरंच जड होतं. म्हणून पहिल्या जागी डीबग_बॅकट्रेस_इग्नोअर_आर्ग्ज द्या. याने आर्ग्युमेंट जातात आणि ऑब्जेक्टही जातात, कारण ऑब्जेक्टवाला फ्लॅग हा डिफॉल्ट होता आणि तुम्ही तो बदलला. ऑब्जेक्ट हवेच असतील तर दोन्ही फ्लॅग मधे उभी रेघ टाकून एकत्र द्यायचे.

दुसऱ्या जागी मर्यादा. इथे सगळे २ लिहितात, आणि थेट कॉलसाठी ते बरोबरही आहे, पण टप्पा ३ मध्ये बघाल की मधे अंगभूत फंक्शनच्या फ्रेम घुसतात. ६ ते ८ ठेवा, खर्चात फार फरक पडत नाही.

तपासून बघा: हातात आलेल्या अ‍ॅरेची शून्य नंबरची फ्रेम उघडा. फंक्शनच्या जागी लायब्ररी\नोंद हे तुमचंच नाव दिसलं पाहिजे. दुसरं काही दिसत असेल तर ट्रेस चुकीच्या ठिकाणी घेतलाय.

## टप्पा २: फ्रेम कशी वाचायची, सगळा घोळ इथेच आहे

ऑर्डरसेवा क्लासच्या सेव्ह मेथडने ४२ व्या ओळीवर आपलं फंक्शन कॉल केलं, आणि सेव्हला कंट्रोलरने १८ व्या ओळीवर कॉल केलं होतं. ट्रेस असा येतो:

फ्रेम ०
फंक्शन: लायब्ररी\नोंद
फाईल: ऑर्डरसेवा.पीएचपी
ओळ: ४२

फ्रेम १
फंक्शन: सेव्ह
क्लास: मॉड्यूल\ऑर्डर\ऑर्डरसेवा
फाईल: कंट्रोलर.पीएचपी
ओळ: १८

नीट बघा. फ्रेम ० मध्ये फंक्शनचं नाव आपलं आहे पण फाईल आपली नाही, ती कॉल करणाऱ्याची आहे. एकाच फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणांची माहिती असते: नाव आहे ज्याला कॉल केलं त्याचं, फाईल आणि ओळ आहे जिथून कॉल झाला तिथली. म्हणून कॉल करणाऱ्याची फाईल हवी तर फ्रेम ० आणि कॉल करणाऱ्याचं नाव हवं तर फ्रेम १. ज्यांनी दोन्ही फ्रेम १ मधून उचललं त्यांच्या हातात नाव ऑर्डरसेवाचं आणि फाईल कंट्रोलरची आली, आणि मग ते दोन तास "पीएचपीत बग आहे" म्हणत बसतात.

अजून एक: साध्या फंक्शनचं नाव नेमस्पेससकट पूर्ण येतं, पण मेथडचं नाव नुसतं येतं आणि नेमस्पेस क्लासच्या खान्यात असतो. म्हणजे मेथडसाठी फंक्शनच्या खान्यात बॅकस्लॅश शोधत बसलात तर काहीच मिळणार नाही आणि तुम्ही त्याला ग्लोबल समजाल.

## टप्पा ३: "फाईल" असलेली पहिली फ्रेम शोधा

आता अ‍ॅरे_मॅपला आपल्या फंक्शनचं नाव कॉलबॅक म्हणून दिलं असं समजा. तेव्हा आपल्याला कॉल केलं ते पीएचपीच्या आतल्या सी कोडने, कुठल्या फाईलने नाही. त्यामुळे फ्रेम ० मध्ये फाईल आणि ओळ हे खानेच नसतात. फ्रेम १ म्हणजे अ‍ॅरे_मॅप, तिच्यात मात्र फाईल असते, ती अ‍ॅरे_मॅप जिथे लिहिलंय ती. आणि खरा कॉल करणारा फ्रेम २ मध्ये.

म्हणून ठरलेला नंबर वापरायचा सोडा आणि हा नियम लावा: शून्यापासून पुढे जात फाईलचा खाना असलेली पहिली फ्रेम शोधायची. तिची फाईल-ओळ हीच कॉल करणाऱ्या कोडची जागा, आणि तिच्या लगेच पुढची फ्रेम म्हणजे कॉल करणारा. थेट कॉल असेल तर हे ० आणि १ होतं, अ‍ॅरे_मॅप असेल तर १ आणि २. यूसॉर्ट, रिफ्लेक्शनची इन्व्होक मेथड, सगळं याच नियमात बसतं, वेगळी यादी ठेवायला लागत नाही.

कॉल_यूजर_फंक तर अजून गमतीचं आहे. ते ग्लोबल कोडमध्ये किंवा पुढे बॅकस्लॅश लावून लिहिलं तर पीएचपी ७ पासून कंपायलर त्याचं थेट कॉलमध्येच रूपांतर करतो आणि त्याची फ्रेम दिसतच नाही. नेमस्पेसच्या आत बॅकस्लॅशशिवाय लिहिलं तर दिसते. म्हणजे एक बॅकस्लॅश घातला किंवा काढला की फ्रेमचे नंबर बदलतात. ठरलेल्या नंबरवर का विसंबू नये याला एवढं कारण पुरे.

सावधान: एकाही फ्रेममध्ये फाईल नसेल, उदाहरणार्थ तुमचं फंक्शन स्क्रिप्ट संपताना चालणारं शटडाऊन फंक्शन म्हणून नोंदवलंय, तर कॉल करणारा पीएचपी कोड मुळात अस्तित्वातच नाही. नल परत करा, अंदाज करू नका.

## टप्पा ४: पुढच्या फ्रेमवरून नेमस्पेस काढा, याच क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण "क्लास आहे का" पासून सुरू करतात, तसं करू नका.

१. आधी क्लोजर बघा. फंक्शनच्या नावात महिरपी कंस आणि लगेच क्लोजर हा शब्द असेल तर या फ्रेमवर विश्वास ठेवायचा नाही, थेट टप्पा ५ ला जायचं. कारणं दोन. पहिलं, क्लोजर दुसऱ्या क्लासला बांधता येतं, बऱ्याच फ्रेमवर्कमध्ये राऊटची क्लोजर अशी बांधलेली असतात, आणि मग क्लासच्या खान्यात फ्रेमवर्कचा क्लास दिसतो, तुमच्या राऊट फाईलचा त्यात मागमूस नसतो. दुसरं, ८.३ पर्यंत नाव नेमस्पेस आणि पुढे कंसात क्लोजर असं साधं यायचं, ८.४ पासून कंसाच्या आत बाहेरच्या फंक्शनचं नाव आणि ओळ नंबरही येतो, फाईलच्या वरच्या पातळीवरचं क्लोजर असेल तर फाईलचा पूर्ण पाथ येतो. याला शेवटच्या बॅकस्लॅशपाशी कापलं तर महिरपी कंसाने सुरू होणारा कचरा हातात येतो, आणि विंडोजवर पाथमध्येच बॅकस्लॅश असल्याने अख्खं फोल्डर "नेमस्पेस" म्हणून परत येतं. शोधताना फक्त उघडणारा कंस आणि क्लोजर एवढंच शोधा, बंद होणारा कंस धरू नका, म्हणजे दोन्ही आवृत्त्यांत चालेल.

२. मग निनावी क्लास. क्लासच्या नावात अ‍ॅट-चिन्ह आणि अ‍ॅनॉनिमस असेल तर हाही टप्पा ५ ला. ८.० पासून निनावी क्लासच्या नावाआधी त्याच्या पालक क्लासचं किंवा पहिल्या इंटरफेसचं नाव लागतं, त्यामुळे नेमस्पेस मिळतो खरा पण तो पालकाचा. दिसायला एकदम बरोबर, असायला चूक.

३. मग क्लासचा खाना. तो असेल तर त्यातला शेवटचा बॅकस्लॅश शोधा, त्याआधीचा भाग म्हणजे नेमस्पेस. बॅकस्लॅश नसेल तर ग्लोबल. रिफ्लेक्शनक्लासची गेटनेमस्पेसनेम मेथडही हेच करते, पण एवढ्याशा कामाला ऑब्जेक्ट बनवायची मला गरज वाटत नाही.

४. मग इन्क्लूडचा प्रकार. क्लास नाही आणि फंक्शनचं नाव इन्क्लूड, इन्क्लूड_वन्स, रिक्वायर, रिक्वायर_वन्स यातलं असेल तर कॉल फाईलच्या उघड्या कोडमधून आलाय, फंक्शनमधून नाही. टप्पा ५. इथे लोक त्याच्याही पुढच्या फ्रेमवर जातात आणि ज्याने इन्क्लूड केलं त्याचा नेमस्पेस घेतात, पण इन्क्लूड केलेल्या फाईलला बाहेरचा नेमस्पेस लागू होतच नाही, तिचा स्वतःचा असतो, नाहीतर ती ग्लोबल. इव्हॅल (स्ट्रिंगमधला कोड चालवणं) असेल तर फाईलच्या जागी पाथ, ओळ आणि "इव्हॅल केलेला कोड" अशा अर्थाची शेपटी लागून येते, अशी फाईल डिस्कवर नसते, सरळ नल द्या.

५. मग साधं फंक्शन. नाव बॅकस्लॅशपाशी कापा, बॅकस्लॅश नसेल तर ग्लोबल.

६. पुढची फ्रेमच नाही. म्हणजे मुख्य स्क्रिप्टच्या उघड्या कोडमधून कॉल झाला. टप्पा ५. फक्त एक बघा, मर्यादेमुळे तर फ्रेम कापली गेली नाही ना? आलेल्या फ्रेमची संख्या मर्यादेइतकीच भरली असेल तर शंका घ्या.

सावधान, ट्रेट आणि वारसा: ट्रेटमधल्या मेथडने कॉल केला तर क्लासच्या खान्यात ट्रेट वापरणारा क्लास येतो, फाईल मात्र ट्रेटची. वारशात उलटं होतं: मेथड पालक क्लासमध्ये लिहिलेली असेल तर खान्यात पालक येतो, जरी ऑब्जेक्ट मुलाचा असला तरी. मुलाचा क्लास हवा असेल तर टप्पा १ मध्ये ऑब्जेक्टचा फ्लॅग ठेवा आणि ऑब्जेक्टवरून क्लास काढा. लॉगच्या कामासाठी मला ऑब्जेक्टवाला प्रकार जास्त उपयोगी वाटतो, कारण सगळ्या मॉड्यूलच्या नोंदी एकाच बेस क्लासच्या नावावर जाणं म्हणजे नोंद न केल्यासारखंच.

## टप्पा ५: फाईल वाचून नेमस्पेस शोधा

टप्पा ३ मध्ये मिळालेली फाईल आणि ओळ इथे कामाला येते. फाईल वाचायची, टोकनमध्ये तोडायची, आणि कॉलच्या ओळीच्या आधी किंवा त्याच ओळीवर असलेली शेवटची नेमस्पेसची घोषणा घ्यायची. "शेवटची" हा शब्द विसरू नका, एका फाईलमध्ये एकाहून जास्त नेमस्पेस असू शकतात.

रेग्युलर एक्स्प्रेशनने करू नका. कमेंटमध्ये, स्ट्रिंगमध्ये, हेअरडॉकमध्ये नेमस्पेस हा शब्द ओळीच्या सुरुवातीला आला की ते फसतं, आणि कोड जनरेट करणाऱ्या फाईलींमध्ये तर असा शब्द येतोच येतो.

८.० पासून पीएचपीटोकन क्लासची टोकनाइझ मेथड वापरा, प्रत्येक टोकनवर ओळ नंबर असतो. नेमस्पेसचं टोकन दिसलं की मोकळ्या जागा आणि कमेंट ओलांडून पुढचं टोकन बघा:

- अनेक भागांचं नाव असेल, जसं मॉड्यूल\ऑर्डर, तर ते टी_नेम_क्वालिफाइड म्हणून एकाच टोकनमध्ये येतं.
- एकाच भागाचं असेल, जसं नुसतं लायब्ररी, तर टी_स्ट्रिंग येतं. अर्ध्या लोकांचा कोड इथे पडतो, कारण ते फक्त वरचं टोकन तपासतात.
- थेट उघडणारा महिरपी कंस आला तर तो ग्लोबल नेमस्पेसचा ब्लॉक, रिकामी स्ट्रिंग.

७.४ किंवा त्याआधीचं चालवायचं असेल तर टोकन_गेट_ऑल घ्या, तिथे नावाचे तुकडे आणि बॅकस्लॅश वेगवेगळे टोकन म्हणून येतात, ते सेमीकोलन किंवा कंस येईपर्यंत जोडत जायचे. तिथे अजून एक खड्डा आहे: नेमस्पेस\काहीतरी असा सापेक्ष कॉलसुद्धा त्याच टोकनने सुरू होतो, म्हणून नेमस्पेसनंतर लगेच बॅकस्लॅश आला तर ती घोषणा नाही, सोडून द्या. ८.० मध्ये याला वेगळं टोकन दिलंय, त्यामुळे ही कटकट मिटली.

दरवेळी फाईल तोडत बसलात तर लूपमधल्या कॉलने सर्व्हर रडवेल. फाईलचा पाथ ही किल्ली धरून ओळ आणि नेमस्पेस अशी छोटी यादी स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवा. एका रिक्वेस्टमध्ये एक फाईल एकदाच वाचली जावी.

तपासून बघा: चाचणीच्या फाईलमध्ये त्या-त्या जागी __नेमस्पेस__ छापा आणि तुमच्या उत्तराशी ताडून बघा. जुळलंच पाहिजे, या टप्प्याला "जवळपास बरोबर" असं काही नसतं.

## टप्पा ६: हे सगळं हेल्परमध्ये हलवताना

एवढा कोड प्रत्येक फंक्शनमध्ये कोणी ठेवणार नाही, हेल्पर होणारच. हेल्परमध्ये ट्रेस घेतला की फ्रेम ० हेल्परची स्वतःची असते आणि तिच्यात फाईल हमखास असते, कारण तिला तुमच्या नोंद फंक्शनने कॉल केलेलं असतं. टप्पा ३ चा नियम तसाच लावला तर तो पहिल्याच फ्रेमवर थांबतो आणि उत्तर येतं लायब्ररी, म्हणजे तुम्ही स्वतःच. म्हणून ट्रेस घेतल्याघेतल्या पहिली फ्रेम काढून टाका, मर्यादा एकने वाढवा, आणि मग टप्पा ३.

तुमच्या लायब्ररीत नोंद हे फंक्शन चूक_नोंद, इशारा_नोंद अशा भावंडांकडूनही कॉल होत असेल तर अजून एक फेरी लागते: मिळालेला नेमस्पेस स्वतःच्या लायब्ररीचाच असेल तर पुढच्या फ्रेमपासून तोच शोध पुन्हा. ही तुलना करताना नुसतं "लायब्ररी ने सुरू होतं का" विचारलं तर लायब्ररीटेस्ट नावाचा परका नेमस्पेसही आपला ठरतो. अगदी सारखा आहे का ते आधी बघा, नाहीतर शेवटी बॅकस्लॅश जोडून मग सुरुवात तपासा. नेमस्पेसच्या नावात पीएचपी इंग्रजी लहान-मोठं अक्षर वेगळं मानत नाही, त्यामुळे तुलनाही तशीच ठेवा.

आणि तुमच्या फंक्शनमध्ये यील्ड असेल, म्हणजे ते जनरेटर असेल, तर थांबा. जनरेटर कॉल केल्यावर आतला कोड लगेच चालत नाही, पहिला आयटम मागितल्यावर चालतो, त्यामुळे ट्रेसमध्ये ज्याने फोरीच फिरवला तो दिसतो, ज्याने कॉल केलं तो नाही. साध्या फंक्शनमध्ये नेमस्पेस आधी काढून घ्या आणि तो आतल्या जनरेटरला द्या.

## टप्पा ७: चाचणी

एवढ्या ठिकाणांहून एकेक कॉल करून बघा: नेमस्पेसमधली मेथड, नेमस्पेसमधलं साधं फंक्शन, ग्लोबल फंक्शन, फाईलचा उघडा कोड, फंक्शनच्या आतून इन्क्लूड केलेली फाईल, क्लोजर, दुसऱ्या क्लासला बांधलेलं क्लोजर, अ‍ॅरे_मॅप, निनावी क्लास, ट्रेट, आणि दोन नेमस्पेस असलेल्या एका फाईलमधला दुसरा नेमस्पेस. ८.३ आणि ८.४ दोन्हींवर चालवा. बांधलेलं क्लोजर आणि इन्क्लूड हे दोन पास झाले की बाकीचे सहसा त्रास देत नाहीत.

या उत्तरावर परवानग्या मात्र ठेवू नका. "फक्त अ‍ॅडमिनच्या नेमस्पेसमधून कॉल आला तरच डिलीट करू दे" असला चेक कोणीही आपल्या फाईलच्या वर तोच नेमस्पेस लिहून पार करतो, पीएचपी त्याला अडवत नाही. लॉग, डीबगिंग, जुन्या फंक्शनचा वापर कुठे उरलाय ते शोधणं, कॉन्फिगची डिफॉल्ट फाईल निवडणं, एवढ्यापुरतंच वापरा.